बोडीतल्या कासवांचा अभ्यास करायचाय? मग उन्हाळ्यात पण या

दरवर्षी दोन-चार पोरं विचारतात, भाऊ कासवांवर प्रोजेक्ट करायचाय, कुठून सुरू करू? आणि सगळ्यांचा प्लॅन सेमच. दिवाळी झाली की थंडीच्या चार रविवारी तळ्यावर जायचं, फोटो काढायचे, रिपोर्ट लिहायचा, झालं. थंडीत कासवं उन्हाला बसतात म्हणून दिसतात हे खरंय, पण तुम्ही फक्त दिसतात तेव्हाच गेलात तर तुमचा अभ्यास कासवाचा नाही, कासवाच्या ऊन खाण्याचा झाला. आपल्याकडच्या तळ्यातलं कासव वर्षातले कितीतरी महिने दिसतच नाही, आणि ते तेव्हा कुठं असतं हाच तर मुद्दा आहे. म्हणून माझं म्हणणं एकच, दहा तळी फिरू नका, घराजवळची एक बोडी, म्हणजे लहान तळं, धरा आणि तिला मृगापासून मृगापर्यंत सोडू नका.

आम्ही भंडाऱ्याकडचे, त्यामुळं मी लिहितोय ते जास्त करून मामा तलाव आणि बोड्यांबद्दल. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले. वर्धा-यवतमाळकडच्यांनी हेच नाल्यावरच्या बंधाऱ्याला, पाझर तलावाला लावा, पद्धत तीच राहते.

आधी कोण कोण आहे ते ओळखा

बोडीत दिसणारं दहातलं नऊ वेळा एकच, मऊ पाठीचं कासव, इंग्रजीत फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठीवर कवचाचे खवले नसतात, कातडं असतं, नाक नळीसारखं पुढं आलेलं, आणि पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात, घाबरलं की मागचे पाय आत घेऊन झडप लावून घेतं, त्यावरूनच त्याचं नाव पडलंय. दुसरं काळं कासव, मेलॅनोचेलिस ट्रायजुगा, याची पाठ टणक आणि तिच्यावर लांबीच्या तीन उभ्या कडा. हे जास्त करून संध्याकाळनंतर अन रात्री हिंडणारं, त्यामुळं दिवसाच्या मोजणीत कमीच येतं. तुमच्या वहीत याचा आकडा शून्य आला म्हणून तळ्यात नाही असं लिहून मोकळं होऊ नका.

वैनगंगा, वर्धा, प्राणहिता अशा मोठ्या नदीवर काम करणार असाल तर मामला वेगळा. तिथं लेथचं मऊ पाठीचं कासव मिळू शकतं, निल्सोनिया लेथी, दोन फुटांपर्यंत वाढतं, पिल्लाच्या पाठीवर डोळ्यासारखे चार गोल असतात. हे जगात फक्त भारताच्या दख्खनी नद्यांत आहे आणि अतिसंकटग्रस्त आहे, 2022 मध्ये पनामाच्या साइट्स बैठकीत, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या बैठकीत, भारताच्याच प्रस्तावावरून ते सगळ्यात कडक यादीत, परिशिष्ट 1 मध्ये गेलं. त्याची एक पक्की नोंद फोटोसकट मिळाली तर तुमच्या सगळ्या प्रोजेक्टपेक्षा ती मोठी. आणि हो, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं हिरवट कासव दिसलं तर ते आपलं नाही, अमेरिकेचं आहे, कोणीतरी शहरातून पाळायला आणून कंटाळा आला म्हणून सोडलेलं. त्याची नोंद वेगळी करा आणि वनखात्याला कळवा.

एक गंमत सांगतो. आपल्याकडं वीस नखी कासवाचं खूळ तुम्हाला माहीतच असंल, पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, असलं काय काय. आता मोजा. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला 3 नखं, म्हणजे झाले 12. काळ्या कासवाला पुढच्या पायाला 5, मागच्याला 4, म्हणजे 18. वीस येतातच कुठून? गावात कोणी हा विषय काढला की मी हे गणित मांडतो, लोक हसतात पण गप्प बसतात. या खुळापायी कासवं पकडली जातात आणि पकडणारी माणसं पण जेलात जातात.

कायद्याचं आधी निपटवा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली फ्लॅपशेल अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, घरी आणणं, टाकीत ठेवणं, एवढंच काय मेलेल्याचं कवच शोकेसमध्ये ठेवणं पण गुन्हा, आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं. तेव्हा कवच सापडलं तर बाजूला पेन ठेवून फोटो काढा, जागा लिहा आणि तिथंच सोडा. हात लावून वजन-माप, खूण करणं, ट्रान्समीटर लावणं हे करायचं असंल तर कॉलेज किंवा संस्थेमार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, त्यांचं ऑफिस नागपूरलाच आहे. पण खरं सांगू का, पहिल्या वर्षी हात लावायची गरजच पडत नाही. नुसतं बसून पाहण्यात इतकं काम आहे की तेच पुरं होत नाही. तरी बीटच्या वनरक्षकाला आणि तळं ज्या मच्छीमार सोसायटीकडं आहे तिच्या अध्यक्षाला सांगून ठेवा, नाहीतर दुर्बीण घेऊन पाळीवर बसलेला माणूस पाहून गावात काय काय चर्चा होते ते मी भोगलंय.

बसायचं कसं

पहिल्या वर्षी मी पांढरा शर्ट घालून पाळीवर उभा राहून मोजायचो. डुबुक, डुबुक, डुबुक, आणि वहीत लिहिलं कासव 0. कासवाला पाळीवरच्या आकाशासमोर उभा माणूस लगेच दिसतो आणि पाय आपटले तर जमिनीचा हादरा पण कळतो. आता मी मळकट कपडे घालतो, झाडाच्या बुंध्याला टेकून पाळीच्या खालच्या अंगाला बसतो, आणि पहिली पंधरा मिनिटं काहीच लिहीत नाही, कारण बुडालेली कासवं परत वर यायला तेवढा वेळ घेतात. ऊन माझ्या पाठीमागं असंल अशी जागा धरतो. दुर्बीण 8 बाय 42 असली की भरपूर, नसंल तर कमी रुंदीच्या बोडीवर काम करा, तिथं नुसत्या डोळ्यानं पण दिसतं.

आणि बेशरमाची खुंटं, म्हशीचं शेण, उलटं पडलेलं चप्पल हे सगळं मी कासव म्हणून मोजलेलं आहे, लाज कशाची. म्हणून प्रत्येक फेरीत दोनदा मोजायचं, डावीकडून उजवीकडं आणि मग उलटं, दोन्ही आकडे लिहायचे, सरासरी लगेच काढायची नाही.

मऊ पाठीचं कासव टणक पाठीच्या कासवांसारखं तासनतास लाकडावर बसत नाही. बरेचदा तुम्हाला फक्त नाक दिसतं, पाण्यावर दोन सेकंद काडीएवढं काहीतरी वर येतं आणि जातं. डोळा बसायला महिनाभर लागतो. शिंगाड्याच्या अन कमळाच्या पानांत तर अजूनच अवघड, तिथं नाक शोधायपेक्षा पान कुठं हलतंय ते पाहा.

वहीत काय लिहायचं

दोनशे पानी रजिस्टर आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई पसरते, माझा सप्टेंबरचा अख्खा एक आठवडा तसा गेला. मोबाईलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा टाका, फोटोवर तारीख-जागा आपोआप येते. तारीख, सुरू केल्याची अन संपवल्याची वेळ, ढग, वारा, सावलीतलं तापमान, आणि पाण्याची पातळी हे दरवेळी लिहायचं. पातळीसाठी वेगळं यंत्र नको, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दगडावर किंवा सांडव्याच्या भिंतीवर रंगानं दर 10 सेंटिमीटरला रेघ मारून घ्या, सोसायटीला विचारून. वर्षाच्या शेवटी हाच आकडा सगळ्यात कामाचा निघतो असा माझा अनुभव आहे, कारण कासवाचं सगळं गणित पाण्यावर चालतं.

साइज दुरून सेंटिमीटरमध्ये सांगता येत नाही आणि जो सांगतो तो फेकतो. मी वाटी, ताटली, परात असे तीनच गट केलेत. वाटीएवढं म्हणजे पोरगं, परातीएवढं म्हणजे बहुतेक मादी, कारण या जातीत मादी मोठी होते, नराचं शेपूट मात्र लांब अन जाड. परातीएवढी मोजकीच आणि वाटीएवढं वर्षभर एक पण नाही असं झालं तर समजा तिथं पिल्लं जगत नाहीयेत, भलेही एकूण आकडा चांगला दिसत असंल.

वागणं लिहायला खुणा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. ऊ म्हणजे ऊन खातंय, ना म्हणजे नाक वर, च म्हणजे चरतंय, चा म्हणजे जमिनीवर चालतंय, ढ म्हणजे एकमेकाला ढकलतंय. दर 10 मिनिटांनी तळ्यावरून एक नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय तेवढंच लिहायचं, मधलं नाही. मधे कितीही भारी काही दिसलं तरी ते बाजूच्या रकान्यात, नाहीतर तुमची वही फक्त भारी गोष्टींचीच होते आणि कासव दिवसभर मारामारीच करतं असं वाटायला लागतं. याला स्कॅन म्हणतात. दुसरी पद्धत फोकल, एकच कासव धरून अर्धा तास फक्त त्याच्याकडं पाहायचं. किती वेळानं श्वासाला वर येतं ते स्टॉपवॉचवर मोजता येतं, पण फक्त लहान बोडीत आणि एकच नाक दिसत असताना, मोठ्या तलावात दुसऱ्याचं नाक याच्या नावावर लागतं. मऊ पाठीच्या कासवांना कातड्यातून आणि घशाच्या आतल्या अंगातून पाण्यातला थोडा ऑक्सिजन घेता येतो, त्यामुळं बराच वेळ वर आलं नाही तर घाबरू नका, मेलं नाही ते.

वेळ कोणती? हिवाळ्यात सकाळी दहा ते दोन, ऊन खाणारी मोजायला. चरणं पाहायचं असंल तर झुंजुरका, म्हणजे पहाटे, आणि संध्याकाळ. आता इथं एक गोष्ट, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, गडचिरोलीकडच्या जंगलालगतच्या तळ्यावर झुंजुरका अन तिन्हीसांजेला एकट्यानं बसायचं नाही. तळ्यावर पाणी प्यायला फक्त कासवाचे पाहुणे येत नाहीत, वाघ पण येतो. मोहाच्या दिवसांत अस्वल पण. डेटाचे दोन तास गेले तर जाऊ द्या. आणि पावसाळ्यात गडगडलं की पाळीवरचं एकटं झाड सोडून घरी निघा, वीज इकडं दरवर्षी माणसं नेते.

ढिवर काकाजींशिवाय होत नाही

तुम्ही वर्षभर बसून जे पाहाल त्यापेक्षा जास्त त्या तळ्यावर जाळं टाकणाऱ्या ढिवराला माहीत असतं. मला पहिल्याच दिवशी एका काकाजीनं विचारलं, "काहून बाबू, कासवायले मोजून का भेटते तुले?" मी काहीतरी मोठं मोठं बोललो, त्यानं ऐकून घेतलं अन म्हणाला, "मोजाचे असन तं तिकडं जाय, धान कुजते ना त्या कोपऱ्यात, गोगलगायी तिकडंच रायते." बरोबर होतं. फ्लॅपशेल गोगलगायी, बेडूक, डिंबकं, मासे, पाणवनस्पती आणि मेलेलं जनावर सगळंच खातं, आणि गोगलगायी आवडीनं. गुराढोरांना जो लिव्हर फ्लूक होतो त्याचा मधला मुक्काम पाणगोगलगायीतच असतो, तेव्हा कासव कोणाच्या कामाचं आहे हे गावकऱ्यांना सांगायला हा मुद्दा चांगला.

विचारताना "कासवं कमी झाली का" असं विचारू नका, तुमच्या तोंडाकडं पाहून हो म्हणतात. "तुमच्या लग्नाच्या वर्षी जाळ्यात किती यायची, यंदा किती" असं विचारा. तीन-चार जणांना वेगवेगळं विचारा, सोबत नाही, सोबत असले की मोठा बोलतो तेच सगळे बोलतात. आणि कोणी कधी कासव खाल्लं होतं असं सांगितलं तर ते लिहा पण नाव लिहू नका, पोलीस पाटलासारखं वागू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

कासव मासे खाऊन टाकतं ही तक्रार ऐकायला मिळंलच. जाळ्यात अडकलेला मासा ते तोडतं हे खरंय, जाळं पण फाडतं, त्यात वाद नाही. पण मोकळा पोहणारा धडधाकट रोहू पकडायची त्याची ऐपत कमी, ते जास्त करून मेलेल्या, आजारी, अडकलेल्यावर जातं. तुम्ही फोकलमध्ये खाताना दिसलेलं सगळं लिहिलं असंल तर हा वाद तुमच्या वहीतूनच सुटतो.

जाळ्यात आलेलं कासव सोसायटीचे लोक सोडून देतातच, वनरक्षकाला माहिती असंल आणि तुम्ही हजर असाल तर सोडताना डोक्याचा अन पोटाचा असे दोन फोटो ते सोडणाऱ्याच्याच हातात असताना घ्या, मिनिटभरात. पोटावर खरबरीत चट्टे असतात, जुन्या जखमा, कडेला कापलेलं, यावरून एकेक कासव ओळखू येतं. टणक पाठीच्या कासवांच्या कडेच्या खवल्यांना खाच पाडायची जुनी पद्धत आहे, पण ती परवानगीवाल्यांसाठी आणि मऊ पाठीला तशी जमत पण नाही, खवलेच नाहीत तर खाच कुठं पाडणार. फोटो असले की हिशोब सोपा: समजा पहिल्या खेपेत 20 वेगवेगळी ओळखली, दुसऱ्या खेपेत 15 आली आणि त्यात पहिल्यातली 5 होती, तर 20 गुणिले 15 भागिले 5, अंदाजे 60. हा आकडा तेव्हाच धरायचा जेव्हा दोन खेपांमधे फार दिवस गेले नाहीत आणि कासवं इकडून तिकडं गेली नाहीत. पावसाळ्यात हे करूच नका, तेव्हा ती चालायला निघालेली असतात.

उन्हाळा, म्हणजे खरा अभ्यास

फेब्रुवारीपासून पाणी उतरतं, एप्रिलमध्ये बोडीचा डबरा होतो, मेमध्ये भेगा. पारा 45 च्या वर. कासवं गेली कुठं? फ्लॅपशेल गाळात, मुळांखाली, पाळीच्या कुशीत स्वतःला गाडून घेतं आणि पाणी येईपर्यंत न खाता पडून राहतं, हालचाल अगदी कमी करून. काही जण त्याआधीच रात्री चालत दुसऱ्या पाण्याकडं जातात. तुमचं काम हे की पाणी उतरताना दर आठवड्याला शेवटची कासवं कोणत्या कोपऱ्यात दिसली ते नकाशावर मांडायचं. नकाशा म्हणजे हातानं काढलेलं तळं, त्यावर बाभूळ, तुडुम, सांडवा, देऊळ. मेमध्ये ते बघितलं की झोपायच्या जागेचा अंदाज येतो. खणून बघायचं नाही, काही झालं तरी नाही, 45 डिग्रीत उघडं पडलेलं कासव तासाभरात जातं.

खणायचं काम दुसरेच करतात. 2017 पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे, गाळ शेतात टाकतात, शेतकऱ्याला फायदाच आहे, मी विरोधात नाही, आमच्या धानाच्या बांधीत पण टाकलाय. पण जेसीबी नेमका एप्रिल-मेमध्ये येतो आणि कासव नेमकं तेव्हा त्या गाळात असतं. एका वर्षी आमच्याकडं ट्रॉलीतून शेतात पडलेल्या ढेकळांत सात निघाली, चार जिवंत. तेव्हापासून मी आधीच नकाशा घेऊन सरपंचांकडं जातो, हा कोपरा अन ही मुळं असलेली कड यंदा सोडा, पुढच्या वर्षी ती काढा अन यंदा काढलेली सोडा. मानतात, कारण सगळा तलाव एका हंगामात तसाही होत नाही. ड्रायव्हरला पण सांगून ठेवायचं, चहा पाजायचा, माझा नंबर द्यायचा. निघालंच तर वनखात्याच्या 1926 वर फोन, आणि ते येईपर्यंत सावलीत ओल्या गोणपाटाखाली, बादलीभर पाण्यात बुडवून नाही, थकलेलं कासव बुडून पण मरतं. सोडायचं त्याच तळ्याच्या न खणलेल्या ओल्या कडेला. पुण्य लागतं म्हणून गोसीखुर्दच्या धरणात नेऊन सोडणारे भेटतात, तसं करू नका.

पहिल्या पावसाचे आठ दिवस

मृग लागला की झोप विसरा. गाडलेली बाहेर येतात, बांध्यांतून, पांदणीतून, डांबरी रस्त्यावरून चालत निघतात. त्याच दिवसांत वाटीहून लहान, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पिल्लं पण दिसतात. या जातीच्या अंड्यातला जीव वाढ थांबवून वाट पाहू शकतो, त्यामुळं अंडी कधी घातली यापेक्षा पाऊस कधी आला हे बघणं जास्त कामाचं. अंडी गोल असतात, कडक कवचाची. मुंगसानं उकरलेला खड्डा अन पांढरी टरफलं दिसली तर फोटो काढा, पाण्यापासून किती पावलं ते मोजा.

तळ्याला लागून असलेल्या रस्त्याचा दोन किलोमीटरचा एक पट्टा ठरवा आणि पहिल्या पावसानंतर आठ दिवस रोज सकाळी सहाला, गाड्या सुरू व्हायच्या अन कावळे यायच्या आधी, पायी चालत जा. मेलेलं, जिवंत, कोणत्या दिशेला तोंड, कोणत्या मोरीजवळ, हे लिहा. मेलेलं मोजल्यावर कडेला सरकवा, नाहीतर उद्या परत तेच मोजाल. जिवंत असंल तर त्याचं तोंड ज्या बाजूला आहे त्याच बाजूला रस्ता ओलांडून द्या, मागच्या बाजूनं दोन्ही हातांनी धरून, मान लांब येते अन चावा जोरात बसतो.

आणि फोटो स्टेटसला टाकताना तळ्याचं नाव गाळा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर जागा झाकायची सोय आहे, ती वापरा. गावाच्या जैवविविधता समितीच्या रजिस्टरला मात्र पूर्ण नोंद द्या, ती तिथंच राहते. आमच्या रस्त्याच्या पट्ट्यात तीन वर्षं सगळ्यात जास्त कासवं एकाच मोरीच्या दोन्ही बाजूला मिळाली, मोरी गाळानं बुजलेली होती म्हणून ती वरून जात होती. यंदा मेच्या शेवटी चार जणांनी फावड्यानं ती मोकळी केली, मृगात सकाळी गेलो तर तिच्या ओल्या गाळात पायांचे ठसे होते, आरपार, आणि वर डांबरावर एक पण नाही.